दुर्मोचाचा स्वपाश

कृतयुगाचा अस्त होऊन त्रेतायुग नुकतेच उजाडले होते. धर्माच्या चार चरणांपैकी एक उचलला गेला होता, तरी उरलेल्या तिहींवर पृथ्वी अजून स्थिर उभी होती. पर्जन्य वेळेवर येत असे, गाई भरल्या कासेने घरी परतत आणि राजे ऋषींच्या भेटीला पायी जात. त्या काळी विंध्याच्या दक्षिणेस, पयोष्णी नदीच्या तीरावर, आश्मकेय ऋषींचा आश्रम होता. कदंब आणि जांभळीच्या दाट छायेत वसलेल्या त्या तपोवनात होमधूमाने पाने काळवंडलेली असत, हरिणी निर्भयपणे पर्णकुटीच्या दारात रवंथ करीत आणि पहाटेच्या सामगायनाला नदीचा खळाळ साथ देई. परंतु इतर आश्रमांत नसलेली एक गोष्ट तेथे होती. यज्ञशाळेच्या पूर्वेस ताक, तेल आणि हळद मुरवलेल्या तांबड्या मातीचा एक विस्तीर्ण आखाडा होता. आश्मकेय हे वेदांचे जसे, तसेच नियुद्धाचे, म्हणजे शस्त्राविना लढण्याच्या विद्येचे आचार्य होते.

त्या आखाड्यात एकच नियम अनुल्लंघनीय मानला जाई. पकडीत सापडलेल्या मल्लाला शरण यायचे असेल तर त्याने उघड्या तळव्याने तीन वेळा भूमी ताडावी. तो नाद कानी पडताच पकडणाऱ्याने, मग तो क्रोधाने कितीही जळत असो, तत्क्षणी हात सोडावेत. या तीन थापांना आश्रमवासी विमोचनताल म्हणत.

आश्मकेयांच्या शिष्यांत दुर्मोच नावाचा एक दानवपुत्र होता. मेघासारखा श्यामवर्ण, सालवृक्षासारखे बाहू आणि अखंड परिश्रमाची आवड असलेला हा शिष्य ग्रीवाबंधात अद्वितीय होता. समोरच्याची मान तो काखेत घेई, पुढचा हात गळ्याखाली सरकवून दोन्ही पंजे एकमेकांत गुंतवी, आणि मग पाठीवर कोसळून पायांनी त्याची कंबर वेढी. त्या मिठीतून कोणी सुटत नसे. परंतु विमोचनताल वाजला तरी त्याचे हात उघडायला एक क्षण अधिक लागे. पुढे दोन क्षण लागू लागले.

एके दिवशी ऋषी त्याला म्हणाले, "वत्सा, धरणे तुला माझ्याहून अधिक येते. सोडणे मात्र तू अजून शिकला नाहीस. ते शिकेपर्यंत मी तुला आखाड्यात उतरू देणार नाही."

दुर्मोचाला तो अपमान वाटला. चौदा वर्षांचा गुरुवास एका घटकेत सोडून तो विंध्याच्या एका गुहेत गेला, आणि तेथील पाषाणस्तंभाला दोन्ही बाहूंनी वेढून त्याने सहस्र वर्षे तप केले. त्याच्या छातीच्या घर्षणाने पाषाण झिजला, अंगावर वारुळे चढली, तरी मिठी सैल झाली नाही. अखेर हंसारूढ ब्रह्मदेव त्याच्यासमोर प्रकट झाले.

"दानवश्रेष्ठा, वर माग."

"पितामह, माझ्या काखेत ज्याची मान सापडेल, त्याच्याभोवतीची माझी मिठी देव, दानव, गंधर्व वा मनुष्य यांपैकी कोणालाही सोडवता येऊ नये. आणि दुसऱ्या कोणाचाही हात, पाय, पाश वा शस्त्र माझ्या कंठाभोवती आवळले जाऊ नये."

"तथास्तु," ब्रह्मदेव म्हणाले. "मात्र ती मिठी उघडण्याचे सामर्थ्य मी तुझ्याजवळ ठेवून जातो. ते तुझे तुलाच राहील."

"ते घेऊन मी काय करू?" दुर्मोच हसला. ब्रह्मदेव अंतर्धान पावले.

त्यानंतर दुर्मोच राज्याराज्यांत फिरू लागला. सैन्याशी तो लढत नसे. राजसभेत जाऊन एक मल्ल मागे, सर्वांसमोर त्याची मान आवळून त्याला मारी आणि ते राज्य आपले म्हणे. अशी सात राज्ये त्याने जिंकली. जिंकलेल्या प्रजेकडून तो विंध्याच्या शिखरावर दुर्ग बांधवून घेत होता. पाषाण वाहता वाहता मेलेल्यांना तेथेच भिंतीत चिणले जात असे.

पयोष्णीतीरावर तेव्हा पृथुकीर्ती नावाचा वृद्ध व धर्मशील राजा राज्य करीत होता. त्याचा राजमल्ल अरिघ्न हा आश्मकेयांच्याच आश्रमात घडलेला. पौष पौर्णिमेला नदीच्या वाळवंटावर तो दुर्मोचाला सामोरा गेला, अर्धा प्रहर पुरुषार्थाने लढला आणि ग्रीवाबंधात सापडला. तेव्हा आश्रमाच्या नियमाप्रमाणे त्याने वाळूवर तीन वेळा तळवा मारला. काठावर उभ्या असलेल्या सर्वांनी त्या थापा ऐकल्या. त्याची पत्नी रोचना हिनेही ऐकल्या. दुर्मोचाने हात सोडले नाहीत. अरिघ्नाने चौथी थाप मारली, पाचवी अर्धवट राहिली.

"राजा," उठून उभा राहत दुर्मोच म्हणाला, "तुझ्या मल्लाने मला अर्धा प्रहर उभे ठेवले. त्या मानासाठी मी तुला एक मास देतो. माघ पौर्णिमेला दुसरा मल्ल पाठव, नाहीतर तुझी प्रजा माझ्या दुर्गाकडे चालू लागेल."

दुसऱ्या दिवशी राजा मुकुट उतरवून, पादत्राणांविना आश्रमात आला. त्याच्याआधी तेथे आणखी एक पुरुष येऊन बसला होता. तो अरिघ्नाचा धाकटा भाऊ निवात. त्यानेही तारुण्यात या मातीत घाम गाळला होता, परंतु जिंकण्याची त्याला कधी फारशी ओढ नव्हती. बारा वर्षांपूर्वी आखाडा सोडून तो गोधन राखू लागला होता. अंगाने भावाहून उणा, केसांत रुपेरी छटा आलेली, बोलणे अगदी मोजके. आता त्याचे डोळे आरक्त होते.

"भगवन्," निवात म्हणाला, "मला दुर्मोचाचा वध करण्याची विद्या द्या."

आश्मकेयांनी त्याला जवळ बसवले. मग म्हणाले, "तुझा भाऊ माझा पुत्रवत् शिष्य होता, आणि त्याला मारणाराही माझ्याच मातीत वाढला. विद्या देतो. पण वचन दे की दुर्मोचाने तीनदा भूमी ताडली, तर तू त्याला सोडशील."

निवात ताडकन उठला. "त्याने माझ्या भावाला सोडले का?"

"नाही सोडले. म्हणूनच तुझ्याकडून वचन मागतो आहे. त्याने मोडलेला नियम तूही मोडलास, तर तो नियम कोणाचाच राहणार नाही."

राजा काही बोलणार होता, पण ऋषींनी हात वर केला. निवात कुटीबाहेर गेला आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत नदीकाठी बसून राहिला. परत आला तेव्हा त्याने ओंजळीत पयोष्णीचे जल आणले होते. ते भूमीवर सोडून तो म्हणाला, "वचन दिले."

शिक्षण सुरू झाले. ग्रीवाबंधातून सुटण्याचे अठरा मार्ग आश्मकेयांना ठाऊक होते. स्थूलाक्ष नावाच्या महाकाय शिष्याला त्यांनी दुर्मोचाच्या जागी उभे केले, आणि वरदानाचा प्रत्यय यावा म्हणून निवाताची मान पकडल्यावर स्थूलाक्षाचे पंजे मुंज गवताच्या दोरीने एकत्र बांधून टाकले. पहिल्या दिवशी सहा मार्ग निष्फळ ठरले, दुसऱ्या दिवशी सात. उरलेले पाच पुढचे दहा दिवस ते पुनःपुन्हा करून पाहत राहिले. प्रत्येक मार्ग शेवटी एकाच ठिकाणी अडे: पकड ढिली व्हायला हवी होती, आणि दोरी ढिली होत नव्हती. निवाताच्या मानेवर जांभळे वळ उठले. बिचारा स्थूलाक्ष प्रत्येक वेळी रडकुंडीला येऊन क्षमा मागे.

ऋषिपत्नी विश्रुता आखाड्याच्या कडेला नीवार धान्य कांडीत असे. तेराव्या दिवशी तिने मुसळ बाजूला ठेवले.

"एक विचारू का?" ती पतीला म्हणाली. "तो दानव सोडणार नाही, हे तर ब्रह्मदेवांनीच लिहून ठेवले आहे. मग तुम्ही दोघे रोज बाहेर पडण्याची वाट का शोधता?"

"मग काय शोधावे, आर्ये?"

"तो या निवाताला आपल्या छातीशी घट्ट बांधून घेतो. म्हणजे त्याने स्वतःलाही निवाताशी बांधून घेतले. इतक्या जवळ असताना हा त्याचे काय करू शकतो, ते पाहा."

आश्मकेयांनी उत्तरीय कमरेला खोचले, मातीला वंदन केले आणि म्हणाले, "निवाता, माझी मान धर. गुरू आहे म्हणून हलक्या हाताने धरू नकोस."

निवाताने मान काखेत घेतली, पंजे गुंतवले आणि पाठीवर पडला. वृद्ध ऋषींनी सुटण्याची धडपड केली नाही. हनुवटी वळवून त्यांनी श्वासापुरती जागा राखली, पायांच्या वेढ्यातून ते हळूहळू एका कुशीला उतरले, एक हात निवाताच्या खांद्यावरून पलीकडे टाकला, आणि आपला हाडकुळा खांदा त्याच्या गळ्याच्या बाजूला टेकवून देहाचा सारा भार त्यावर सोडला. बस्, एवढेच. निवाताला वेदना झाली नाही. श्वासही चालू होता. परंतु गळ्याच्या एका बाजूला गुरूंचा खांदा आणि दुसऱ्या बाजूला गुरूंची मान आवळणारा त्याचा स्वतःचाच बाहू, अशा कोंडीत मस्तकाकडे रक्त नेणाऱ्या मन्या नाड्या मिटल्या. नदीचा खळाळ दूर गेला, कदंबाची पाने धूसर झाली. त्याने झटकन एक हात मोकळा करून तीनदा भूमी ताडली.

उठून बसल्यावर तो कितीतरी वेळ गळा चोळत राहिला. "भगवन्, हे काय होते?"

"तुझीच मिठी. मी केवळ खांदा टेकवला."

"आणि मी आधीच तुमची मान सोडली असती तर?"

"तर तू तत्काळ सुटला असतास. खांद्याला मग काहीच आधार राहत नाही."

निवाताच्या मुद्रेवरचा आनंद मावळला. "म्हणजे दुर्मोचाने हात उघडले की सारे संपले."

"चौदा वर्षे मी त्याला हात उघडायला शिकवीत होतो," आश्मकेय म्हणाले. "तो उघडणार नाही."

उरलेले दिवस निवाताने त्या एकाच डावाला दिले. नियुद्धशास्त्रात त्या डावाला नाव नव्हते. विश्रुतेने ते दिले: स्वपाश.

माघ पौर्णिमेला, सूर्य दोन भाले वर आला असता, वाळवंट प्रजाजनांनी भरून गेले. कोणी उत्साहाने आले नव्हते. कित्येकांनी तर प्रवासाची बोचकी सोबत आणली होती. राजा पृथुकीर्ती वाळूतच बसला होता, सिंहासनावर नव्हे. रोचना शुभ्र वस्त्र नेसून अगदी पुढे उभी होती. दुर्मोच आला तेव्हा भूमी किंचित कंपित झाली. आपल्या जुन्या गुरूंना पाहून त्याने मान लववली नाही, पण दृष्टीही त्यांच्याकडे फार वेळ ठेवली नाही.

"हा गुराखी?" तो निवाताला पाहून म्हणाला. "राजा, तुझ्याकडे मल्ल संपले काय?"

"तू ज्याला मारलेस त्याचा मी भाऊ," निवात म्हणाला. "ये."

ते भिडले. प्रथम दोन पर्वत भिडावेत तसा ध्वनी झाला, मग वाळूचे लोट उठले आणि त्या लोटांतून कधी श्याम तर कधी गौर बाहू चमकू लागले. दुर्मोचाच्या बळापुढे निवात तीन वेळा फेकला गेला आणि तिन्ही वेळा उठला. चौथ्या वेळी त्याने जाणून मस्तक खाली घातले. दानवाने विजयाची गर्जना करून त्याची मान काखेत घेतली, पंजे गुंतवले आणि तो पाठीवर कोसळला. काठावरून हाहाकार उठला. कित्येकांनी डोळे मिटून घेतले.

निवाताला भावाची आठवण झाली. हाच घामाचा उग्र गंध त्याच्याही नाकात गेला असेल, हाच अंधार त्यानेही पाहिला असेल. त्याच्या देहातील प्रत्येक स्नायू मान ओढून काढ म्हणून आक्रोश करू लागला. त्याने मान ओढली नाही. हनुवटी वळवली. एक श्वास आला, मग दुसरा. कमरेभोवतीचे पाय त्याने कोपराच्या रेट्याने तसूतसूने खाली ढकलले, कूस बदलली, हात दानवाच्या खांद्यापलीकडे टाकला आणि आपला खांदा त्याच्या गळ्यावर टेकवला.

दुर्मोचाला प्रथम काही जाणवले नाही. हा मनुष्य तडफडत कसा नाही, एवढाच त्याला विस्मय वाटला. त्याने मिठी आणखी आवळली. त्यासरशी खांदा आणखी आत रुतला. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सोड," त्याच्या कानाशी निवात म्हणाला. "हात उघड, की सुटशील. मी तुला अडवलेले नाही."

"मी... धरलेले... सोडत नाही."

"मग थाप मार. मी वचनबद्ध आहे. तीन थापा मार, मी बाजूला होतो."

थाप मारायची तर एक हात मोकळा करावा लागला असता. दुर्मोचाने दात आवळले आणि अखेरचे बळ एकवटून मिठी कसली. क्षणभर त्याचे सारे शरीर धनुष्यासारखे ताणले गेले. मग डोळे फिरले, जबडा सैल पडला, आणि सहस्र वर्षांत जी बोटे जिवंत मानेवरून कधी उलगडली नव्हती ती एकेक करून वाळूवर उलगडली.

"मार!" काठावरून कोणीतरी ओरडले. मग शेकडो कंठ ओरडू लागले, "मार! सोडू नकोस!"

थाप पडली नव्हती. वचनाने निवात आता बांधलेला नव्हता; आणखी चार पळे खांदा तसाच ठेवला असता तर दानव पुन्हा उठला नसता. ते त्याला ठाऊक होते. त्याने डोळे वर केले तो समोर रोचना दिसली. ती ओरडत नव्हती, नुसती पाहत होती. गुरूंकडे त्याने पाहिले नाही. एक दीर्घ निःश्वास सोडून त्याने खांदा उचलला, गुडघ्यांवर बसला आणि दानवाचे दोन्ही पाय उचलून धरले, म्हणजे रक्त मस्तकाकडे परतावे.

दुर्मोच शुद्धीवर आला तेव्हा प्रथम त्याचे हात हवेत कोणाची तरी मान शोधू लागले. मग त्याने निवाताला पायांशी पाहिले.

"मी थाप मारली?"

"नाही."

"मग मला का सोडलेस?"

"तुझी बोटे उघडली," निवात म्हणाला. "मला तेवढे पुरे झाले."

रोचना पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तरी तो सर्वांना ऐकू गेला. "निवाता, तू सोडलेस ते तुझ्या धर्माने. मी तसे वचन दिलेले नाही." मग ती दानवाकडे वळली. "माझ्या पतीने तीन थापा मारल्या. तुला त्या ऐकू आल्या होत्या का?"

दुर्मोच खोटे बोलू शकला असता. त्याने खाली पाहिले. "आल्या होत्या. पाचही. सोडावे असे मनात आले होते. पण सोडले तर मी कोण उरेन, ते मला ठाऊक नव्हते."

रोचनेच्या डोळ्यांतून त्या दिवसापर्यंत न आलेले अश्रू वाहू लागले. तिने पयोष्णीचे जल हाती घेतले. पतिव्रतेच्या त्या तेजाने सूर्यही क्षणभर निस्तेज भासला.

"तर ऐक. ज्या हातांना मिटल्यावर उघडता आले नाही, ते हात आजपासून कधीच मिटणार नाहीत. तू शस्त्र धरू शकणार नाहीस, घास धरू शकणार नाहीस, पाण्याची ओंजळही तुझ्या बोटांतून गळून जाईल."

जल भूमीवर पडले, आणि दुर्मोचाचे पंजे पसरले ते पसरलेच. त्याने मूठ वळण्याचा यत्न केला. बोटे हलली नाहीत. त्याने उःशाप मागितला नाही.

सात राज्यांची प्रजा आपापल्या घरी परतली. दुर्ग अर्धवट राहिला. आणि दुर्मोच, ज्याला आता कोणी भीत नव्हते, आश्मकेयांच्या मागोमाग चालत आश्रमाच्या दाराशी येऊन थांबला. विश्रुतेने त्याच्याकडे पाहिले, त्याच्या हातांकडे पाहिले आणि म्हटले, "आत ये. अन्न निवते आहे." तिने त्याला आपल्या हाताने भरवले. निवात परत गुरांकडे गेला. पुढे राजाने दिलेले राजमल्लपद त्याने नम्रपणे नाकारले, परंतु शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो स्वपाश शिकवी, आणि प्रत्येकाला आधी सोडायला शिकवी.

रोचना दोन वर्षे आश्रमाकडे फिरकली नाही. तिसऱ्या वर्षी, ग्रीष्मात, ती नदीवर जल भरण्यास आली असता पात्रात वाकून, गुरासारखे तोंड लावून पाणी पिणारा दानव तिने पाहिला. त्याने तिला ओळखले आणि तो बाजूला झाला. तिने कलश भरून घेतला. मग तिने कलश तिरका केला आणि धार त्याच्या मुखाशी धरली. तो पाणी प्याला.

"शाप परत घेता येत नाही," ती म्हणाली. "घ्यावा असे मला वाटतही नाही. पण उघड्या हातांनी जे देता येते, ते तुला देता येईल. एवढे मी त्यात घालते."

पुढे कित्येक वर्षांनी दुर्मोचाने देह ठेवला. जेथे त्याला भूमीत निजवले, तेथे पहिल्या पर्जन्यानंतर एक अंकुर उगवला आणि पाहता पाहता त्याचा उंच, काटेरी खोडाचा वृक्ष झाला. त्याचे प्रत्येक पान उघडलेल्या पंजासारखे होते. फाल्गुनात त्याला रक्तवर्ण फुले येत, तेव्हा साऱ्या अरण्यातील पक्षी त्यांतला मध पिऊन जात. आणि वैशाखात त्याची फळे उकलून आतला रेशमासारखा कापूस वाऱ्यावर चहूकडे निघून जाई. हाच तो शाल्मली. लोक त्याला सावर म्हणतात. पयोष्णीकाठचे वृद्ध सांगतात की रोचनेने पहिल्या वर्षी तो कापूस वाळूवरून वेचून आणला आणि त्याची एक मऊ उशी शिवली. तेव्हापासून सावरीच्या कापसाच्या उशा घरोघर होऊ लागल्या, आणि दिवसभर श्रमलेली माणसे त्यांवर निर्धास्तपणे मान टेकवून झोपू लागली.